लिऑन, जिनिव्हा आणि संगनमताचा गुन्हा

८ ऑक्टोबर २००९ रोजी फ्रान्समधल्या व्हिएन या गावी पोलिसांनी एका घरावर छापा घालून दोन भावांना ताब्यात घेतले. हे व्हिएन म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी नव्हे. लिऑन शहराच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीकाठी वसलेले हे जुने रोमन गाव. धाकटा भाऊ लवकरच सुटला. थोरले आदलेन हिशूर हे बत्तीस वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि जिनिव्हाजवळच्या सेर्न प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगावर काम करत होते. पाठीच्या दुखण्यामुळे ते रजेवर आई-वडिलांकडे आलेले होते. चार दिवसांच्या चौकशीनंतर, १२ ऑक्टोबरला, त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. दहशतवादी कृत्याच्या तयारीसाठी गुन्हेगारांशी संगनमत, हे त्या आरोपाचे स्वरूप. तिथून त्यांची रवानगी पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात झाली आणि खटला उभा राहीपर्यंत जवळजवळ अडीच वर्षे ते तिथेच होते.

या प्रकरणाचा गाजावाजा झाला तो सेर्नच्या नावामुळे. त्यांना शिक्षा झाली ती मात्र सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडत गेलेल्या एका कायद्याच्या कलमाखाली, आणि त्या कलमाशी भौतिकशास्त्राचा काडीचाही संबंध नव्हता. योगायोग असा, की या कायद्याच्या घडणीतले बरेचसे प्रसंग लिऑन आणि जिनिव्हा यांच्या दरम्यानच्या टापूतच घडले आहेत. दहशतीच्या गुन्ह्यासाठी नामवंत शास्त्रज्ञाला पकडण्याची त्या टापूतली ती पहिली वेळही नव्हती.

ऑक्टोबर १८८२ मध्ये लिऑनच्या बेलकूर नाट्यगृहाखालच्या उपाहारगृहात बॉम्बस्फोट झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोंसो-ले-मीन या कोळसाखाणींच्या गावी मजुरांनी दंगल केली होती, त्यामुळे सरकार आधीच बिथरलेले होते. स्फोटाचा धागा पोलिसांच्या हाती लागेना. मग ज्यांची नावे आधीपासून यादीत होती त्या अराजकवाद्यांची धरपकड सुरू झाली. यादीत सर्वांत वरचे नाव प्योत्र क्रपोटकिन यांचे. जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर तोनों या छोट्या गावी ते राहत होते.

क्रपोटकिन हे राजघराण्याशी नाते सांगणारे रशियन सरदारपुत्र आणि भूगोलाचे जाणते अभ्यासक. सायबेरियातल्या पर्वतरांगांची नकाशांवरची ठेवण चुकीची आहे हे त्यांनी स्वतः फिरून दाखवून दिले होते. तुरुंगही त्यांना नवा नव्हता. १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या भूगोल मंडळात त्यांनी हिमयुगावर निबंध वाचला. उत्तर युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर लगेचच कामगारांमध्ये क्रांतीचा प्रचार केल्याबद्दल त्यांना अटक झाली. पीटर-पॉल किल्ल्याच्या कोठडीत कागद आणि लेखणी मिळावी म्हणून विद्वानांनी रदबदली केली, झारने परवानगी दिली आणि हिमयुगावरचा ग्रंथ त्यांनी कोठडीतच लिहिला. १८७६ मध्ये ते लष्करी इस्पितळातून निसटले. पुढे जिनिव्हात त्यांनी अराजकवादी पत्र चालवले. झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर, १८८१ मध्ये, स्वित्झर्लंडने त्यांना हद्दपार केले, आणि काही काळाने ते सरोवराच्या पलीकडच्या काठावर येऊन राहिले.

डिसेंबर १८८२ मध्ये पोलीस तोनोंला पोहोचले त्याच सुमारास क्रपोटकिन यांच्या घरी त्यांचा मेहुणा क्षयाने वारला होता. अंत्यविधी उरकेपर्यंत थांबू द्या, मग मी स्वतः हजर होतो, अशी त्यांनी विनंती केली. ती नाकारण्यात आली. त्यांचे स्नेही एलिझे रेक्ल्यू सरोवरापलीकडच्या क्लारांहून धावून आले. रेक्ल्यू हे त्या काळातले फ्रान्सचे सर्वांत मोठे भूगोलकार, एकोणीस खंडांच्या विश्वभूगोलाचे कर्ते. आपल्याही नावाचा खटल्यात उल्लेख आहे, पण आपण परदेशात असल्यामुळे पोलिसांना पकडता येत नाही, असे वृत्तपत्रांत छापून आल्यावर त्यांनी लिऑनच्या तपासी न्यायाधीशाला सरळ पत्र टाकले. सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या तासाला लिऑनला येऊन हजर होतो, असा त्याचा मतलब होता. न्यायाधीशाने बोलावणे धाडले नाही. असा आरोपी पिंजऱ्यात उभा करणे सरकारलाच महागात पडले असते, हे त्याला उमगले असावे.

जानेवारी १८८३ मध्ये लिऑनला खटला चालला. आरोपी सहासष्ट, म्हणून तो ‘सहासष्टांचा खटला’ म्हणून ओळखला जातो. बेलकूरचा स्फोट कुणी केला, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. आरोप होता तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे सभासद असल्याचा. पॅरिस कम्यूनच्या उठावानंतर, १८७२ मध्ये, असे सभासदत्व हाच गुन्हा ठरवणारा कायदा फ्रान्सने केला होता. ती संघटना १८८३ पर्यंत जवळजवळ संपलेली होती, ही गोष्ट अलाहिदा. खटला ज्यूरीपुढे न नेता केवळ न्यायाधीशांच्या न्यायालयात चालवला गेला. क्रपोटकिन यांना पाच वर्षांची कैद झाली.

क्लेरव्होच्या तुरुंगात, जो एके काळी ख्रिस्ती मठ होता, त्यांनी तीन वर्षे काढली. तिथेही लेखणी थांबली नाही. ब्रिटानिका विश्वकोशासाठी रशियाच्या भूगोलावरच्या नोंदी ते लिहीत होते. एर्नेस्ट रेनाँ यांनी आपला ग्रंथसंग्रह त्यांना देऊ केला. इंग्लंडमध्ये त्यांच्या सुटकेसाठी अर्ज फिरला, त्यावर हर्बर्ट स्पेन्सर आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या सह्या होत्या. डार्विनचे खंदे समर्थक टी. एच. हक्सली यांनी मात्र सही नाकारली. विद्वत्तेची कदर आणि विद्वानाच्या राजकारणाची धास्ती, या दोन्ही भावना विज्ञानाच्या जगात तेव्हाही शेजारी शेजारी नांदत होत्या. जानेवारी १८८६ मध्ये माफी मिळून क्रपोटकिन सुटले आणि इंग्लंडला गेले.

सभासदत्वाचा कायदा हा या गोष्टीचा आरंभ. खरे वळण आले ते १८९३ मध्ये. ९ डिसेंबरला ऑग्युस्त वायाँ याने फ्रान्सच्या लोकप्रतिनिधी सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जातून बॉम्ब फेकला. मेले कुणी नाही, जखमी मात्र पुष्कळ झाले. तीनच दिवसांत पहिला कायदा मंजूर झाला. गुन्ह्याला चिथावणीच नव्हे, तर गुन्ह्याचे समर्थन छापणेही त्याने दंडनीय ठरवले. १८ डिसेंबरचा दुसरा कायदा संगनमताचा होता. नेपोलियनच्या १८१० च्या दंडसंहितेत हा गुन्हा होताच, पण तिथे तो दरोडेखोरांच्या टोळ्यांसाठी होता. टोळी, तिचा म्होरक्या आणि लुटीची वाटणी असे काहीतरी रचलेले दिसावे लागे. नव्या कायद्याने ती अट काढून टाकली. माणसांविरुद्ध किंवा मालमत्तेविरुद्ध गुन्ह्याची तयारी करण्यासाठी झालेली नुसती ‘समजूत’ पुरेशी ठरली. आता टोळी नको, म्होरक्या नको आणि गुन्हा घडलेलाही नको. शिक्षापात्र गोष्ट कृतीवरून सरकून कृतीआधीच्या बोलाचालीवर आली.

पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा लिऑन. २४ जून १८९४ च्या रात्री, प्रदर्शनासाठी तिथे आलेले राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना सान्ते कासेरियो या इटालियन तरुणाने भोसकून ठार केले. महिनाभराने तिसरा कायदा झाला. अराजकवादी प्रचाराचे खटले ज्यूरीकडून काढून घेऊन साध्या न्यायालयांकडे सोपवण्यात आले. विरोधकांनी या तिन्हींना मिळून ‘दुष्ट कायदे’ असे नाव दिले आणि तेच पुढे इतिहासात रुजले. ऑगस्टमध्ये पॅरिसला तीस जणांवर संगनमताचा खटला भरला गेला. त्यात कलासमीक्षक फेलिक्स फेनेआँ यांच्यासारखे लेखक एका बाजूला आणि सराईत घरफोडे दुसऱ्या बाजूला, अशी मोट बांधलेली होती. हा खटला मात्र ज्यूरीपुढे आला होता, आणि ज्यूरीला ती मोट काही पटली नाही. घरफोड्या करणारे तिघे सोडले तर हजर असलेले सारे आरोपी निर्दोष सुटले. तिसरा कायदा पुढे १९९२ पर्यंत पुस्तकात राहिला. संगनमताचे कलम तर अनेकदा बदलले गेले, पण टिकले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला दहशतवादाची जोड मिळाली. पॅरिसमधल्या स्फोटांच्या मालिकेनंतर सप्टेंबर १९८६ च्या कायद्याने दहशतवादाचे सारे खटले पॅरिसमधल्या खास सरकारी वकील आणि तपासी न्यायाधीशांकडे एकवटले. फ्रान्समध्ये असा तपासी न्यायाधीश स्वतः चौकशी चालवतो. आरोपीच्या बाजूचा आणि विरोधातला, असा दोन्हीकडचा पुरावा त्यानेच गोळा करायचा असतो. आपल्याकडे जे काम पोलिसांचे, त्याचा मोठा वाटा तिथे न्यायालयाच्या माणसाकडे जातो. या एकवटण्यामुळे तपासात सफाई आली. तेच तेच न्यायाधीश, तेच तेच वकील आणि त्याच गुप्तवार्ता खात्याची टिपणे यांचे एक बंदिस्त वर्तुळही तयार झाले.

१९९५ चा उन्हाळा अल्जीरियातल्या यादवीचे पडसाद घेऊन आला. २५ जुलैला पॅरिसच्या सें-मिशेल स्थानकात रेल्वेच्या डब्यात स्फोट होऊन आठ जण ठार झाले. ऑगस्टमध्ये लिऑन-पॅरिस वेगवान रेल्वेच्या रुळाजवळ ठेवलेला बॉम्ब फुटला नाही. त्यावरच्या बोटांच्या ठशांनी माग लागला तो लिऑनच्या उपनगरात वाढलेल्या खालेद केलकाल याचा. सप्टेंबरच्या अखेरीस लिऑनजवळच पोलिसांच्या गोळीबारात तो मेला. २२ जुलै १९९६ च्या कायद्याने दंडसंहितेत ४२१-२-१ हे कलम घातले. दहशतवादी कृत्याच्या तयारीसाठी बनलेल्या गटात किंवा झालेल्या ‘समजुतीत’ सहभागी होणे हेच स्वतंत्र दहशतवादी कृत्य ठरले. तयारी एखाद्या तरी ठोस गोष्टीतून दिसावी, एवढीच अट राहिली. ‘समजूत’ हा १८९३ चाच शब्द. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि पुन्हा ज्यूरीशिवायच. फ्रेंच न्यायाधीशांना या कलमाचा अभिमान होता, कारण त्यामुळे स्फोट होण्याआधी माणसे पकडता येत. मानवी हक्क संघटनांचा आक्षेपही नेमका याच मुद्द्यावर होता.

हिशूर यांचा जन्म १९७६ चा, अल्जीरियातल्या सेतिफचा. मे १९४५ मध्ये फ्रेंच फौजांनी केलेल्या कत्तलीमुळे त्या देशाच्या स्मरणात कोरले गेलेले हे गाव. तान्हे असतानाच ते कुटुंबासोबत फ्रान्सला आले आणि व्हिएनच्या कामगार वस्तीत वाढले. आनसीच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत राहून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगावर डॉक्टरेट केली. मग काही काळ इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत आणि नंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात. सेर्नवरचे त्यांचे काम या विद्यापीठातर्फे होते, ते सेर्नचे नोकर नव्हते. एलएचसीबी हा त्यांचा प्रयोग. सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी घडवायच्या, त्यातून निघणारे बी-क्वार्क असलेले कण मोजायचे आणि विश्वात प्रतिद्रव्य इतके कमी का उरले, याचा माग काढायचा. यंत्रसामग्री जमिनीखाली शंभर मीटरवर, फेर्ने-व्होल्तेरच्या हद्दीत बसवलेली आहे. याच फेर्नेत बसून व्होल्तेरने तूलूझला निरपराध असताना देहदंड झालेल्या जां कालासची बाजू मांडली होती.

प्रतिद्रव्य हा शब्द वर्तमानपत्रांच्या हाती लागायचाच अवकाश होता. सेर्नमधून चोरलेल्या प्रतिद्रव्याने व्हॅटिकन उडवून देण्याचा कट असलेला ‘एंजल्स अँड डेमन्स’ हा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात लागून गेला होता. अणुशास्त्रज्ञ, अणुकट असे मथळे बिनदिक्कत छापले गेले. सेर्नला खुलासा करावा लागला, की तिथल्या कुठल्याही संशोधनाचा लष्करी उपयोग नाही आणि सगळे निष्कर्ष जाहीरपणे प्रसिद्ध होतात. सेर्नमध्ये आजवर तयार झालेल्या साऱ्या प्रतिद्रव्याची ऊर्जा एकवटली तरी विजेचा एक दिवा काही मिनिटे जळेल, हे गणित तर संस्था चित्रपटाच्या वेळेपासूनच सांगत आली होती. त्यातही हिशूर यांचे काम यंत्राजवळचे नव्हतेच. मोजमापांच्या आकड्यांचे संगणकावर विश्लेषण करणे, हे ते काम.

खटला उभा होता तो ई-मेलवर. २००९ च्या पूर्वार्धात हिशूर इंटरनेटवर ‘फिनिक्स शॅडो’ असे टोपणनाव घेतलेल्या एका व्यक्तीशी बोलत होते. इस्लामी मगरिबमधील अल-कायदा या संघटनेतला हा माणूस, असे तपासयंत्रणेचे म्हणणे. तो पॅरिसच्या न्यायालयात कधी उभा राहिला नाही. संभाषणात फ्रान्समधल्या संभाव्य लक्ष्यांचा विषय निघाला होता आणि आनसीजवळच्या क्रां-जेव्ह्रिए इथल्या सत्ताविसाव्या पहाडी पलटणीच्या तळाचा हिशूर यांनी स्वतः उल्लेख केला होता. त्या पलटणीतले सैनिक अफगाणिस्तानात जात असत. घरझडतीत काही हजार युरोही सापडले. अल्जीरियात जमीन घेण्यासाठी ते ठेवले होते, असे हिशूर यांचे सांगणे. हत्यार नव्हते, स्फोटक नव्हते, तळाची टेहळणी केल्याचा पुरावाही नव्हता. पण ई-मेल निष्पाप होते असे म्हणणेही खरे नाही. ज्याच्याशी बोलतो तो कोण आहे याची कल्पना असताना सैनिकी तळाचे नाव लिहिणे, याला गप्पा म्हणता येत नाही. बोलणे आणि तयारी यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढायची, हा वाद होता.

सहकारी गप्प बसले नाहीत. आनसीच्या प्रयोगशाळेतले जां-पिएर लीस यांनी पाठिंबा समिती चालवली. राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रावर सह्या करणाऱ्यांत नोबेल मानकरी जॅक स्टाइनबर्गर हेही होते. त्यांची मुख्य तक्रार लांबलेल्या कच्च्या कैदेबद्दल होती. एवढ्या मोठ्या कटाचा आरोप, तर खटला दोन-अडीच वर्षे का उभा राहत नाही, असा त्यांचा सवाल.

उभा राहिला तो अत्यंत वाईट मुहूर्तावर. मार्च २०१२ मध्ये मोहम्मद मेरा याने तूलूझ आणि मोंतोबाँ इथे सैनिक, ज्यू शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक असे सात जण मारले. २२ मार्चला तो पोलिसांच्या हातून मेला. त्यानंतर आठवडाभरात, २९ आणि ३० मार्चला, पॅरिसला हिशूर यांची सुनावणी झाली. आपण त्या वेळी दुखण्याने आणि औषधांनी खचलेलो होतो, मन ठिकाणावर नव्हते, पण कुठलाही कट ठरला नव्हता, असे त्यांनी सांगितले. केवळ लिहिण्याबद्दल माणसाला शिक्षा होते आहे, असा त्यांचे वकील पात्रिक बोदुआँ यांचा युक्तिवाद होता. सरकारी वकिलाने सहा वर्षे मागितली. ४ मे रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी दोन दिवसांवर असताना, निकाल लागला. पाच वर्षे कैद, पैकी एक वर्ष स्थगित. कच्च्या कैदेचे दिवस आणि नियमानुसार मिळणारी सूट वजा जाता शिक्षा भरल्यातच जमा होती. दीड आठवड्याने ते सुटले. त्यांनी अपील केले नाही.

२०१३ मध्ये हिशूर ब्राझीलला गेले आणि रिओ दी जानेरोत पुन्हा एलएचसीबीच्याच आकड्यांवर काम करू लागले. आधी तिथल्या भौतिकी संशोधन केंद्रात आणि मग संघराज्य विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक म्हणून. जानेवारी २०१६ मध्ये ‘एपोका’ या साप्ताहिकाने त्यांचा पूर्वेतिहास छापला. ऑलिंपिक ऑगस्टमध्ये रिओतच भरायचे होते. शिक्षणमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने बोलत राहिले. १४ जुलैच्या रात्री फ्रान्समध्ये नीस इथे जमावावर ट्रक घालून शहाऐंशी माणसे मारण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ब्राझीलने हिशूर यांना विमानात बसवून फ्रान्सला धाडले. तिथे नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांपासून आणीबाणी लागू होती. तिच्या अधिकारात, नवा आरोप न ठेवता, त्यांना व्हिएनमध्येच स्थानबद्ध करण्यात आले.

दरम्यान कायदा आणखी पुढे सरकला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘एकट्याने केलेली दहशतवादी तयारी’ हा नवा गुन्हा आला. त्यासाठी समजूत करायला दुसऱ्या माणसाचीही गरज उरली नाही. जून २०१६ मध्ये दहशतवादाचे समर्थन करणारी संकेतस्थळे नेहमी पाहणे हाही गुन्हा झाला. इथे मात्र फ्रान्सच्या घटना परिषदेने पाय रोवला. संकेतस्थळांचे कलम तिने फेब्रुवारी २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवले. एप्रिलमध्ये एकट्याच्या तयारीच्या कलमाकडे वळून, घातक वस्तू नुसत्या ‘शोधणे’ एवढ्यावर माणसाला दोषी धरता येणार नाही, असा निर्णय देत तेवढा शब्द तिने काढून टाकला. कलमाचा बाकीचा भाग कायम राहिला. संकेतस्थळांचा गुन्हा संसदेने थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिषदेने तो पुन्हा रद्द केला.